घटसर्पाची लस: ती काम कशी करते आणि वाया कशी जाते

पावसाळ्याच्या तोंडावर मुळशी, मावळ, भोर, वेल्हे या भागांतील गोठ्यांत दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. जनावरांना घटसर्पाची लस टोचून घ्यायची की यंदा राहू द्यायची? पेरणीची धांदल असते, मजूर मिळत नाहीत, लस टोचल्यावर दोन दिवस दूध कमी होते अशी तक्रार असते. त्यामुळे काही गोठे राहून जातात. मग जून-जुलैत पाऊस लागतो आणि संध्याकाळी चांगली धार दिलेली म्हैस सकाळी दावणीला मेलेली आढळते. एका दुभत्या म्हशीवर ज्या घराचा महिन्याचा खर्च चालतो त्या घराचे एका रात्रीत होणारे हे नुकसान कोणत्याही औषधाने भरून निघत नाही.

लस टोचून घ्या, हे सर्वांनी ऐकलेले आहे. परंतु ती शरीरात नेमके काय करते, जंतूच्या कोणत्या भागावर काम करते, पावसाआधीच का द्यावी लागते आणि लस देऊनही कधी कधी जनावर का दगावते, याची माहिती असलेला पशुपालक लशीच्या बाबतीत चुका करीत नाही. म्हणून या लेखात घटसर्पाच्या जंतूची बाहेरची बाजू, तिच्यावरील प्रथिने आणि जनावराची प्रतिकारशक्ती यांचा संबंध सोप्या भाषेत दिला आहे.

रोग आणि त्याचा जंतू

घटसर्पाला काही भागांत गळसुजी असेही म्हणतात. हा रोग पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्या जंतूवर काम केले आणि त्यांच्या सन्मानार्थ या कुळाला पाश्चुरेला हे नाव १८८७ मध्ये देण्यात आले. या एकाच जातीच्या जंतूचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी भारतासह आशियात गाई-म्हशींना घटसर्प करणारा प्रकार ‘बी:२’ या नावाने ओळखला जातो. आफ्रिकेत ‘ई:२’ हा प्रकारही आढळतो. यातील अक्षर जंतूच्या बाहेरील कवचाचा प्रकार सांगते, तर आकडा त्याखालच्या आवरणाचा प्रकार सांगतो. म्हणजे जंतूची ओळख त्याच्या बाहेरच्या पोशाखावरूनच ठरते. जनावराचे शरीरसुद्धा त्याला याच पोशाखावरून ओळखते.

हा रोग गाईपेक्षा म्हशीला लवकर होतो आणि अधिक घातक ठरतो. जिथे रोग वारंवार येतो तिथे ६ महिने ते २ वर्षे वयाची वासरे व पारडी जास्त बळी पडतात. लक्षणे अशी:

१) एकदम १०४ ते १०७ अंश फॅरनहाइट ताप, जनावर खाणे व रवंथ बंद करते, दूध आटते.
२) तोंडातून लाळ व नाकातून पाणी गळते, डोळे लाल होतात.
३) गळ्याखाली, जबड्याखाली व पुढे छातीपर्यंत गरम, दुखरी सूज येते.
४) श्वास घेताना घरघर असा आवाज येतो, जीभ बाहेर येते, मान ताणून जनावर उभे राहते.
५) लक्षणे दिसल्यापासून काही तासांत ते दोन दिवसांत मृत्यू येतो. काही वेळा कोणतेही लक्षण दिसण्यापूर्वीच जनावर मरते.

पुण्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. भारतातील पशुरोग संशोधनाची पहिली सरकारी प्रयोगशाळा, इंपिरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली. पुढे १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ही तिचाच वाढलेला वृक्ष होय. पुण्यात औंध येथे राज्य शासनाची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था असून तेथे घटसर्पाची लस तयार होते. रोगाचे निदान करणारी पश्चिम विभागीय प्रयोगशाळाही औंध येथेच आहे.

जंतू राहतो कोठे?

पावसात हा जंतू आकाशातून पडत नाही. श्रीलंकेतील डी आल्विस व इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, रोगातून वाचलेल्या काही जनावरांच्या घशातील गाठींमध्ये, म्हणजे टॉन्सिलमध्ये, हा जंतू दडून राहतो. असे जनावर बाहेरून धडधाकट दिसते, दूधही देते. परंतु लांबचा प्रवास, उन्हाळ्यातील उपासमार, पहिल्या पावसात भिजणे, नांगरटीचा ताण अशा प्रसंगी जंतू वाढतो आणि नाकातील स्राव व लाळेतून बाहेर पडतो. मग सामाईक पाणवठा, गव्हाण आणि गर्दीचा गोठा यांतून तो दुसऱ्या जनावराकडे जातो. ओल्या, दमट हवेत तो बाहेर अधिक काळ तग धरतो. म्हणूनच पावसाळा हा या रोगाचा हंगाम आहे.

हवामान बदलले की शांत बसलेला जंतू काय करू शकतो याचे भयंकर उदाहरण २०१५ मध्ये कझाकस्तानात दिसले. तेथील सैगा जातीची सुमारे दोन लाख हरणे मे महिन्यात अवघ्या तीन आठवड्यांत मेली. तपासात पाश्चुरेला मल्टोसिडाचा बी प्रकारच सापडला. त्या काळात हवेतील उष्णता व दमटपणा नेहमीपेक्षा जास्त होता, असे शास्त्रज्ञांना आढळून आले. हरणांना कोणी लस देत नव्हते. आपल्या गोठ्यातील जनावराला ती देता येते, एवढाच फरक.

जंतूची बाहेरची बाजू

घटसर्पाचा जंतू इतका लहान असतो की, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा रंगविलेला थर पाहिल्यावरच तो दिसतो. त्याची दोन टोके गडद व मध्य फिकट दिसतो. त्याची रचना मक्याच्या कणसासारखी समजावी.

सर्वांत बाहेर कवच असते. हे कवच साखरेच्या लांब साखळ्यांचे बनलेले, बुळबुळीत असते. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूला धरून गिळतात, परंतु कवचामुळे त्यांची पकड बसत नाही. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातील बॉइस व अॅडलर यांनी २००० साली या बी:२ जंतूचे कवच तयार होणे बंद करून पाहिले. तेव्हा तोच जंतू उंदरांमध्ये फारच दुबळा ठरला. कवच हे जंतूचे किती मोठे संरक्षण आहे हे यावरून लक्षात येते.

कवचाखाली बाह्य आवरण असते. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे मेद आणि साखर यांचे बनलेले अंतर्विष. जंतू फुटला की हे विष रक्तात मोकळे होते. घटसर्पात जनावर तडकाफडकी मरते त्याचे मुख्य कारण हे विष आहे. दुसरी गोष्ट म्हणजे आवरणात खुंट्यांप्रमाणे बसविलेली प्रथिने. यांनाच बाह्य आवरणातील प्रथिने म्हणतात.

प्रथिने कोणती कामे करतात?

१) दारे: काही प्रथिने आवरणाला आरपार नळीसारखी असतात. यांतून जंतूला साखर, क्षार, अन्न आत घेता येते. यातील ‘ओम्प-एच’ नावाचे प्रथिन जंतूच्या आवरणात मोठ्या प्रमाणात असते. गाई-म्हशींचे शरीर त्याच्याविरुद्ध चांगली प्रतिक्रिया देते. म्हणून देशातील व परदेशातील अनेक प्रयोगशाळांनी त्याचा लशीच्या दृष्टीने अभ्यास केला आहे.

२) खुंट्या: काही प्रथिनांच्या साहाय्याने जंतू घशाच्या व श्वासनलिकेच्या आतील त्वचेला चिकटतो. चिकटता आले नाही तर तो लाळेबरोबर वाहून जातो.

३) लोह चोरणारे हात: हे सर्वांत चतुर प्रथिन आहे. जंतूला वाढीसाठी लोह लागते. जनावराच्या रक्तात मोकळे लोह जवळजवळ नसतेच. ते ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला बांधलेले असते. कोठीला कुलूप लावून ठेवावे तसा हा शरीराचा बंदोबस्त आहे. लोह मिळेनासे झाले की जंतू आपल्या आवरणावर एक खास प्रथिन काढतो. ते ट्रान्सफेरिनला धरते आणि त्यातील लोह ओढून घेते. घटसर्पाच्या जंतूचे हे प्रथिन गोवंशाच्या ट्रान्सफेरिनला बरोबर पकडते.

येथे लस तयार करणाऱ्यांसाठी एक अडचण निर्माण होते. कारखान्यातील पोषक द्रवात लोह भरपूर असते. तिथे वाढलेल्या जंतूला चोरी करायची गरजच नसते, म्हणून तो ही प्रथिने फारशी काढत नाही. म्हणजे लशीतील जंतू आणि जनावराच्या रक्तातील जंतू यांचा पोशाख थोडा वेगळा असतो. हे लक्षात आल्यावर शास्त्रज्ञांनी लोह कमी असलेल्या द्रवात जंतू वाढवून पाहिले. तेव्हा ही प्रथिने जंतूच्या अंगावर आलेली आढळली. अधिक चांगली लस तयार करण्याच्या प्रयत्नांतील हा एक महत्त्वाचा धागा आहे.

प्रतिकारशक्ती कशी तयार होते?

लस म्हणजे औषध नव्हे. सध्या वापरात असलेल्या घटसर्पाच्या लशीत फॉर्मॅलिनने मारलेले संपूर्ण जंतू असतात. भारतात त्यासाठी ‘पी-५२’ नावाचा वाण वापरला जातो. मेलेला जंतू रोग करू शकत नाही, परंतु त्याचे कवच व प्रथिने तशीच असतात. गावात चोर येण्याआधी त्याचे छायाचित्र चावडीवर लावावे तसे हे काम आहे.

लस टोचल्यावर शरीरातील पहारेकरी पेशी या मेलेल्या जंतूंचे तुकडे जवळच्या गाठींकडे नेतात. तेथे ठरावीक पांढऱ्या पेशी ते तुकडे ओळखतात, वाढतात आणि प्रतिपिंडे तयार करू लागतात. प्रतिपिंड हे इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे प्रथिन असून ते रक्तात फिरत राहते. त्याची दोन टोके जंतूच्या एकाच ठरावीक भागावर, कुलपात किल्ली बसावी तशी बसतात. प्रतिपिंडे चिकटली की दोन गोष्टी घडतात. बुळबुळीत जंतूला जणू मूठ फुटते आणि पांढऱ्या पेशी त्याला धरून गिळू शकतात. तसेच रक्तातील ‘पूरक’ नावाची प्रथिने तेथे जमून जंतूच्या आवरणाला भोके पाडतात.

घटसर्पात खरे संरक्षण प्रतिपिंडांमुळे मिळते याचा पुरावा साधा आहे. लस दिलेल्या जनावराचे रक्तजल काढून उंदरांना टोचले आणि नंतर त्यांना जिवंत जंतू दिले, तर ते उंदीर वाचतात. लशीची ताकद तपासण्यासाठी ही पद्धत प्रयोगशाळांत वापरली गेली आहे.

या माहितीवरून पशुपालकाला दोन महत्त्वाचे निष्कर्ष काढता येतात.

पहिला निष्कर्ष: पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास सुमारे दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून पाऊस पडू लागल्यावर टोचलेली लस त्या पहिल्या पावसात उपयोगी पडत नाही. मे महिन्यात टोचलेली लस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जनावराच्या रक्तात तयार उभी असते.

दुसरा निष्कर्ष: लस दरवर्षी पुन्हा द्यावी लागते. काही रोग शरीरात सावकाश वाढतात. अशा रोगात प्रतिपिंडे कमी झालेली असली तरी जुनी ओळख ठेवलेल्या पेशींना ती नव्याने तयार करण्यास वेळ मिळतो. घटसर्प मात्र एका दिवसात जनावर संपवतो. तेवढ्या वेळात नवीन फौज उभी राहत नाही. जंतू रक्तात येईल त्या क्षणी प्रतिपिंडे तेथे हजर असावी लागतात. गेल्या वर्षी दिली होती, यंदा नको, हा विचार म्हणूनच महागात पडतो.

लशीचे प्रकार

१) तुरटीयुक्त लस: यात मारलेले जंतू तुरटीच्या साहाय्याने साक्यात बांधलेले असतात. ही कातडीखाली टोचतात. टोचायला सोपी असते. संरक्षण साधारण ४ ते ६ महिने टिकते.

२) तेलयुक्त लस: यात जंतू तेलाच्या बारीक थेंबांत मिसळलेले असतात. तेल जागेवर राहून जंतूचे अंश हळूहळू सोडते. त्यामुळे शरीराला पुन्हा पुन्हा आठवण होते व संरक्षण ९ महिने ते एक वर्ष टिकते. ही लस घट्ट असते आणि स्नायूत खोल टोचावी लागते. काही जनावरांना टोचल्या जागी गाठ येते.

मात्रा नेहमी बाटलीवरील सूचनेप्रमाणे व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी.

म्यानमारमध्ये एक वेगळा मार्ग वापरला गेला. इंग्लंडमधील हरणापासून मिळालेला, गाई-म्हशींना सौम्य असलेला ‘बी:३,४’ हा जिवंत जंतू तेथे नाकात फवारून लस म्हणून देण्यात आला. जंतू ज्या दाराने येतो त्याच दारावर पहारा बसवावा, ही त्यामागील कल्पना आहे. जिवंत जंतूच्या लशीमुळे सर्व प्रथिने शरीराला जशीच्या तशी दिसतात, हा तिचा आणखी एक फायदा होय.

लस वाया कशी जाते?

प्रथिनाचा आकार हीच त्याची ओळख असते. अंड्याचा पांढरा भाग हे प्रथिनच आहे. ते एकदा उकडले की पुन्हा कच्चे होत नाही. लशीतील प्रथिनांचेही तसेच आहे. मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेली बाटली बाहेरून तशीच दिसते, परंतु आतील प्रथिनांचा आकार बिघडलेला असतो. अशी लस टोचली तर शरीर चुकीचे छायाचित्र पाहून तयारी करते. यासाठी पुढील काळजी घ्यावी:

१) लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी. गोठ्यापर्यंत बर्फ घातलेल्या थर्मासमधून किंवा लशीच्या पेटीतून आणावी.
२) लस गोठू देऊ नये. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास तेल व पाणी वेगळे होते, तुरटीच्या कणांच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते.
३) टोचण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी. खाली बसलेल्या साक्यातच खरी लस असते. न हलवता टोचल्यास पहिल्या जनावरांना नुसते पाणी आणि शेवटच्यांना जादा मात्रा जाते.
४) उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवावी. उरलेली उद्यासाठी ठेवू नये.
५) सुया उकळून निर्जंतुक केलेल्या असाव्यात. सुईला स्पिरिट लावून लगेच टोचू नये, कारण स्पिरिट लशीला मारक ठरते.
६) लस सकाळी किंवा संध्याकाळी थंड वेळी टोचावी.

लस चांगली असूनही जनावराचे शरीर प्रतिसाद देत नाही, असेही होते. प्रतिपिंड हे प्रथिन आहे आणि ते तयार करण्यास खाद्यातून प्रथिने मिळावी लागतात. उन्हाळाभर नुसत्या कडब्यावर उभे असलेले हाडकुळे जनावर पुरेशी प्रतिपिंडे कशी तयार करणार? पोटातील जंतही हीच शिदोरी खातात. म्हणून लसीकरणापूर्वी एक-दोन आठवडे जंतनाशक पाजावे आणि पेंड, हिरवा चारा व क्षारमिश्रण थोडे तरी सुरू करावे. तापाने आजारी असलेल्या जनावरास लस देऊ नये.

वासरांचे काय?

गाय-म्हशीच्या गर्भाशयातून वासराकडे प्रतिपिंडे जात नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात हे संरक्षण जवळजवळ शून्य असते. ते सर्व पहिल्या चिकातून मिळते. वासराच्या आतड्यातून ही प्रतिपिंडे अखंड स्वरूपात रक्तात जाण्याचा मार्ग जन्मानंतर तासागणिक बंद होत जातो आणि सुमारे २४ तासांत तो मिटतो. म्हणून वार पडण्याची वाट न पाहता जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजावा. पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतका चीक द्यावा. तीस किलोच्या वासराला तीन लिटर, असा हिशोब ठेवावा. चिकाचा खरवस करावा तो वासराचे भागल्यावरच.

आईकडून मिळालेली ही प्रतिपिंडे काही महिने टिकतात. ती असताना लस दिल्यास तीच लशीतील जंतूंना झाकून टाकतात व वासराचे शरीर स्वतः शिकत नाही. म्हणून घटसर्पाची पहिली लस साधारणतः सहा महिन्यांच्या वयात देतात. ज्या गावात लहान वासरांतही रोग येतो तेथे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती आधी देऊन पुन्हा एक मात्रा द्यावी.

प्रत्येक न्यूमोनिया घटसर्प नव्हे

लस देऊनही वासराला खोकला आला, न्यूमोनिया झाला, मग लशीचा उपयोग काय, असे विचारले जाते. श्वसनाच्या रोगांचे जंतू अनेक आहेत आणि प्रत्येकाचा पोशाख वेगळा आहे. त्यांतील एक म्हणजे मॅनहाइमिया हेमोलिटिका. पूर्वी त्यालाही पाश्चुरेलाच म्हणत. १९९९ मध्ये त्याचे नाव बदलले. लांबचा प्रवास, बाजारातील गर्दी, धुराने व मुताच्या वासाने कोंदलेला गोठा यामुळे तो फुप्फुसात उतरतो. त्याच्याकडे एक खास विष असते. ते रवंथ करणाऱ्या जनावरांच्याच पांढऱ्या पेशींना मारते.

अमेरिकेतील ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातील कॉन्फर व सहकाऱ्यांनी या जंतूच्या आवरणावरील ‘पीएलपी-ई’ या प्रथिनाचा अभ्यास केला. या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे पूरक प्रथिनांच्या मदतीने जंतूला मारतात, असे आढळून आले. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे प्रथिन बाजारातील लशीसोबत दिल्यावर वासरांचे संरक्षण वाढले. विषाविरुद्धची प्रतिपिंडे पांढऱ्या पेशींना वाचवतात, आवरणाविरुद्धची जंतूला मारतात. दोन्ही असल्यास फायदा अधिक, असा याचा अर्थ आहे.

आपल्या दृष्टीने धडा असा की, घटसर्पाची लस घटसर्पासाठीच आहे. इतर न्यूमोनियापासून बचाव करायचा तर गोठा हवेशीर ठेवणे, जमीन कोरडी ठेवणे आणि लांबून आणलेल्या जनावरास विश्रांती देणे यांना पर्याय नाही.

रोग आल्यास काय करावे?

१) आजारी जनावर ताबडतोब वेगळे बांधावे आणि पशुवैद्यकास बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.
२) राहिलेल्या सर्व जनावरांचा ताप सकाळ-संध्याकाळ थर्मामीटरने मोजावा. निरोगी गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. सूज येण्यापूर्वी, फक्त ताप असतानाच उपचार सुरू झाले तर जनावर वाचण्याची आशा असते. सूज आल्यावर रक्तात अंतर्विष साचलेले असते. औषधाने जंतू मेले तरी विष तसेच राहते. उशिरा केलेल्या उपचारांना यश येत नाही, ते यामुळे.
३) गळ्याच्या सुजेवर डाग देऊ नयेत. त्याने जंतूला काहीच होत नाही, जनावराचे हाल मात्र वाढतात.
४) तोंडाने काढा, तेल किंवा औषध पाजू नये. घसा सुजलेला असल्याने ते फुप्फुसात जाऊन जनावर गुदमरते.
५) सामाईक पाणवठा व चराईवर जनावरे नेणे बंद करावे. गावात रोग असताना जनावरांची खरेदी-विक्री करू नये.
६) निरोगी जनावरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लस द्यावी, परंतु त्यापुढील दोन-तीन आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवावे.
७) प्रतिजैविक दिलेल्या जनावराचे दूध पशुवैद्यक सांगेल तितके दिवस डेअरीला घालू नये.
८) अचानक मेलेले जनावर फाडू नये, त्याचे कातडे काढू नये. फाशी या रोगातही जनावर असेच मरते आणि तो माणसालाही होतो. पशुवैद्यकाकडून नमुना घेऊन निदान करून घ्यावे. मृतदेह खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा.

नेहमीच्या शंका

शंका: लस टोचल्यावर दूध कमी होते. मग दुभत्या जनावराला का द्यावी?
उत्तर: एक-दोन दिवस थोडा ताप येऊन दूध कमी होऊ शकते. शरीर कामाला लागल्याचेच हे लक्षण आहे. दूध पुन्हा पूर्ववत होते.

शंका: हरयाणातून मुऱ्हा म्हैस विकत आणली आहे. तिला लस केव्हा द्यावी?
उत्तर: आल्याबरोबर इतर जनावरांत बांधू नये. किमान तीन आठवडे वेगळी ठेवावी, प्रवासाचा थकवा गेल्यावर लस टोचावी. कानातील बारा अंकी बिल्ल्यावरून तिच्या पूर्वीच्या लसीकरणाची नोंद पशुवैद्यकाकडून पाहून घ्यावी. आपल्या जुन्या जनावरांची लस मात्र ती येण्याआधीच झालेली असावी.

शंका: माझ्या जनावरांना दिली, शेजाऱ्याने दिली नाही. चालेल का?
उत्तर: आपली जनावरे बरीच सुरक्षित राहतील, परंतु कोणतीही लस शंभर टक्के जनावरांना सारखे संरक्षण देत नाही. शेजारच्या गोठ्यात रोग भडकला तर जंतूंचा मारा वाढतो आणि कमी प्रतिपिंडे असलेले आपले जनावर त्यात सापडते. म्हणून लसीकरण संपूर्ण गावाचे एकाच आठवड्यात व्हावे. दूध संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने पुढाकार घेऊन तारीख ठरवावी.

शंका: जनुकीय तंत्राने केलेली एकाच प्रथिनाची लस येणार आहे म्हणतात. तोवर थांबावे का?
उत्तर: मुळीच थांबू नये. अशा लशींवर संशोधन चालू आहे. आज हातात असलेली लस वेळेवर, थंड ठेवून आणि नीट हलवून टोचली तर ती आपले काम चोख करते.

पशुपालकांनी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या दवाखान्यात जनावरांची संख्या कळवावी, लसीकरणाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावी आणि पुढच्या वर्षी तीच तारीख चुकवू नये. जंतू आपला पोशाख घालून पावसाबरोबर येणारच आहे. त्याला ओळखणारी प्रतिपिंडे आधीच जनावराच्या रक्तात असतील, एवढी काळजी आपण घ्यावयाची आहे.